ठाण्या-नवी मुंबईच्या गोंगाटात सजगतेचा सराव कसा करावा

सजगतेचा, म्हणजेच आता सर्रास ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याचा, सराव करण्याचा विषय निघाला की ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील माणसाची तक्रार ठरलेली असते: घरात शांतता नाही आणि हाताशी वेळ नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतीत वाहनांचा आवाज दिवसभर थांबत नाही, आणि सकाळच्या वेळी तर कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा दूरदर्शन संच आणि सोसायटीत शिरणारा पाण्याचा टँकर यांची त्यात भर पडते. परंतु जे घडत आहे त्याकडे, ते घडत असतानाच, चांगले-वाईट असा निवाडा न करता लक्ष देणे एवढेच या सरावात अपेक्षित असल्यामुळे शांतता ही त्याची पूर्वअट ठरत नाही. शांत जागेची वाट पाहणारी माणसे बहुधा सुरुवातच करत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे.

सुरुवातीला दहा मिनिटे पुरेशी आहेत. वेळ शक्यतो एकच ठेवावी. सकाळी उठल्यावर मोबाइल हातात घेण्यापूर्वीची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते, कारण एकदा संदेश वाचले की ती दहा मिनिटे परत मिळत नाहीत. मांडी घालून बसता येत असेल तर बसावे, गुडघे दुखत असतील तर पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीवर बसावे, पाठ सरळ पण सैल ठेवावी आणि डोळे मिटावेत किंवा नजर समोर जमिनीवर स्थिर करावी. गजर लावून ठेवला म्हणजे घड्याळाकडे पुन्हा पुन्हा पाहावे लागत नाही. नंतर श्वास जिथे सर्वांत स्पष्ट जाणवतो, मग ते नाकपुड्यांचे टोक असो वा पोट, तिथे लक्ष ठेवावे. हा प्राणायाम नव्हे. श्वास मुद्दाम लांबवायचा किंवा रोखायचा नसून तो जसा चालला आहे तसा जाणून घ्यायचा आहे. लक्ष टिकत नसेल तर प्रत्येक उच्छ्वासाला एक याप्रमाणे दहापर्यंत मोजावे आणि पुन्हा एकपासून सुरू करावे.

चार-पाच श्वासांत मन घराच्या हप्त्याकडे, मुलाच्या दहावीकडे किंवा कार्यालयात काल कोणी काय म्हटले त्याकडे जाईल. येथेच बहुतेक जण ‘आपल्याला हे जमत नाही’ असे म्हणून उठतात, आणि या सरावाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. मन दूर गेले आहे हे ज्या क्षणी लक्षात येते तो क्षण सरावातील अपयश नसून प्रत्यक्ष सरावच आहे. त्या क्षणी ‘काळजी’, ‘बेत’ किंवा ‘आठवण’ अशी मनातल्या मनात नोंद करावी आणि स्वतःला न रागावता पुन्हा श्वासाकडे यावे. दहा मिनिटांत असे पुष्कळ वेळा परतावे लागले तर त्या दिवशी सराव पुष्कळ झाला असे समजावे. विचार पूर्ण थांबवण्याचा हट्ट मात्र धरू नये, कारण त्या हट्टातून एक नवा ताण उभा राहतो.

आवाजाच्या बाबतीतही हेच करायचे आहे. बाहेर ड्रिल मशीन सुरू झाले तर काही मिनिटे श्वास बाजूला ठेवून तो आवाजच लक्षाचा विषय करावा: तो कोणत्या दिशेने येतो, केव्हा चढतो, मध्ये कुठे खंड पडतो. त्यानंतर त्या आवाजाने आलेली चीड शरीरात कुठे आहे ते पाहावे. बहुतेकदा ती आवळलेल्या जबड्यात, उचललेल्या खांद्यांत किंवा कपाळावरच्या आठ्यांत सापडते, आणि ती सापडली की पुष्कळदा सैलही होते. आवाज तेवढाच राहतो. आपण त्याच्याशी करत असलेले भांडण कमी होते.

प्रवासाचा वेळही वाया घालवण्याचे कारण नाही. ट्रान्स-हार्बर मार्गावर ऐरोलीहून रबाळे येईपर्यंत केवळ तळपायांवर येणारा भार आणि हातातील कडीचा स्पर्श यांकडे लक्ष द्यावे, आणि पुढच्या स्थानकापर्यंत हवे तर मोबाइल पाहावा. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या माणसालाही हे करता येते. मात्र दारात उभे असताना, रूळ किंवा रस्ता ओलांडताना आणि वाहन चालवताना लक्ष आत वळवू नये. ज्यांना बसून अस्वस्थ वाटते त्यांनी मासुंदा तलावाभोवती, उपवनला किंवा वाशीच्या सागर विहारला नेहमीपेक्षा थोडे सावकाश चालावे आणि पाऊल उचलणे, पुढे नेणे, टेकवणे एवढेच जाणत राहावे. रात्री अंथरुणावर पडल्यावर पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत क्रमाने लक्ष नेण्याची पद्धतही उपयोगी आहे. त्यात मध्येच झोप लागली तर बिघडत नाही.

या सरावाची मुळे बौद्ध परंपरेत आहेत. रुग्णालयात त्याला स्थान मिळवून दिले ते जॉन कबाट-झिन यांनी. त्यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी कार्यक्रम सुरू केला, जो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला. परिणामांबाबत बोलताना मात्र हात राखून बोलावे. 2014 मध्ये 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांत अल्प ते मध्यम स्वरूपाची घट होते असे दिसले, पण ध्यान हे औषधांपेक्षा किंवा व्यायामापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. 2022 मध्ये चिंताविकाराच्या 276 रुग्णांवरील चाचणीत हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम एस्सिटालोप्राम या औषधाच्या तोडीचा ठरला. याचा अर्थ चालू गोळ्या आपल्या मनाने बंद कराव्यात असा मुळीच होत नाही.

शरीराच्या बाबतीत, जुनाट कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने 2017 मध्ये या सरावाचा समावेश केला. दुखणे त्याने नाहीसे होतेच असे नाही. दुखण्याच्या जाणिवेवर ‘हे आता कायमचे असणार’ या भीतीचा जो थर चढतो तो पातळ होतो. रक्तदाब आणि हृदयविकार यांत ध्यान नेहमीच्या उपचारांना पूरक म्हणूनच धरावे. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती किंचित मंदावते, त्यामुळे संथ श्वसनाने शरीर सैलावते हे खरे आहे. परंतु आठ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते, या जाहिरातींतील दाव्यावर विश्वास ठेवू नये, कारण 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर अभ्यासात तसा बदल आढळला नाही.

काही जणांना डोळे मिटून बसल्यावर जुना आघात आठवतो, घाबरल्यासारखे होते किंवा आपण स्वतःपासून तुटल्यासारखे वाटते. अशा वेळी रेटून बसू नये. डोळे उघडावेत, आजूबाजूच्या वस्तू पाहाव्यात, उठून चालावे. पूर्वी मनोविकाराचा झटका येऊन गेला असेल तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय दीर्घ ध्यान करू नये, आणि इगतपुरीच्या दहा दिवसांच्या मौन शिबिराने श्रीगणेशा तर कोणत्याही नवख्याने करू नये असे माझे मत आहे. झोप, भूक आणि काम यांवर दोन आठवड्यांहून अधिक काळ परिणाम होत असेल तर सरावावर विसंबून न राहता डॉक्टरांना भेटावे. आत्महत्येचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये: टेली मानस या शासकीय सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू असतो, आणि ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.