पडद्यावरची आणि बातम्यांतली डोंबिवली: गावाची नोंदसूची कशी करावी

डोंबिवली म्हटलं की सिनेमावाल्यांना खचाखच भरलेली लोकल आठवते आणि वृत्तवाहिन्यांना एमआयडीसीतला धूर. फडके रोडवरची दिवाळी पहाट आणि १९९९ पासूनची गुढीपाडव्याची शोभायात्रा मधूनमधून येते. हे सगळं तारीखवार एका जागी आणायचं असेल तर यादीची शिस्त पहिल्या दिवशीच ठरवावी लागते. पुढची पद्धत डोंबिवलीसाठी लिहिली आहे, पण बदलापूर, वसई, पनवेल कुठेही ती चालेल.

आधी प्रकार ठरवा

प्रत्येक नोंदीला चारपैकी एक किंवा अधिक खुणा द्या: फक्त उल्लेख, कथा इथे घडते, चित्रीकरण इथे झालं, बातमी. बहुतेक याद्या बिघडतात त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेची गल्लत झाल्यामुळे. ‘डोंबिवली फास्ट’ या सिनेमातला माधव आपटे डोंबिवलीत राहतो, म्हणून ‘कथा’ ही खूण बिनधास्त द्या. मात्र त्याचा संताप उसळतो तो बराचसा मुंबईच्या रस्त्यांवर. त्यामुळे ‘चित्रीकरण’ ही खूण एकेक दृश्य तपासूनच द्यायची. २६ जानेवारी २०२२ ला प्रदर्शित झालेल्या ‘झोंबिवली’लाही हेच लागू. नावात गाव आहे, कथा गावाची आहे, पण कॅमेरा कुठे उभा होता हा वेगळा प्रश्न आहे.

कलाकार डोंबिवलीचा आहे, एवढ्यावरून त्याचा सिनेमा यादीत घेऊ नका. रीमेकची स्वतंत्र नोंद नको, मूळ नोंदीच्या शेऱ्यात लिहा. ‘डोंबिवली फास्ट’चे दिग्दर्शक निशिकांत कामत यांनीच तो २००७ मध्ये तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ म्हणून केला. त्यात कथा चेन्नईत गेली आणि डोंबिवली उरली नाही.

तक्ता

साध्या स्प्रेडशीटमध्ये नऊ रकाने पुरतात: अनुक्रमांक, तारीख, नाव, माध्यम, खूण, दृश्याची वेळ, दिसलेली जागा, पुरावा, शेरा. तारीख साल-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा (२०१६-०५-२६), म्हणजे क्रम आपोआप लागतो. सिनेमाची तारीख कुठली, हेही शेऱ्यात स्पष्ट करा, कारण सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख, प्रदर्शनाची तारीख आणि पुरस्काराचं वर्ष या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘डोंबिवली फास्ट’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ५३व्या पुरस्कारांत, म्हणजे २००५ या वर्षासाठी. ते पुरस्कार जाहीर झाले त्यानंतर. सेन्सॉरची तारीख सिनेमाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या प्रमाणपत्रावर असते. तिथे थांबा आणि प्रमाणपत्र क्रमांकही उतरवून घ्या.

दृश्याची वेळ

‘तासाभरानंतर स्टेशनचा सीन आहे’ या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. तास, मिनिट, सेकंद लिहा आणि कुठली प्रत पाहिली तेही लिहा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) चालतो, तर आपल्याकडची व्हीसीडी, बऱ्याच डीव्हीडी आणि जुनं टीव्ही प्रक्षेपण २५ चौकटींनी. त्यामुळे तिथे तोच सिनेमा साधारण ४ टक्के लवकर संपतो. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत आटोपतो. अशा डीव्हीडीवर बरोबर एका तासाला येणारं दृश्य २४ चौकटींच्या प्रतीत १:०२:३० ला सापडेल. ही गोष्ट माहीत नसली की दोन माणसांच्या नोंदी जुळत नाहीत आणि दोघंही आपलंच खरं म्हणून बसतात. टीव्हीवरच्या प्रतीत काटछाटही असते, म्हणून शक्यतो पूर्ण प्रतच आधाराला घ्या.

ओटीटीवर स्क्रीनशॉट घेतला की बहुधा काळी चौकट येते. तो बिघाड नाही, नक्कल रोखण्याची सोय आहे. तिच्याशी झटापट करू नका. वेळ लिहा आणि चौकटीत डावीकडून उजवीकडे काय दिसतं ते दोन ओळींत लिहा: पाटी, जिना, झाड, दुकानाचं शटर. पडताळणीला तेवढं पुरतं.

जागा खरंच तीच का?

इथे घाई अजिबात नको. स्थानकाची पाटी हा सर्वांत कच्चा पुरावा, कारण पाटी रंगवून कुठेही टांगता येते. रायगड जिल्ह्यातलं आपटा स्थानक कितीतरी सिनेमांत वेगवेगळ्या गावांची नावं घेऊन उभं राहिलं आहे. पाटीऐवजी रूळ मोजा, पादचारी पूल कुठे उतरतो ते पाहा, मागच्या इमारती पाहा आणि मागून मुंबईची लोकल जाते का तेही. आपट्याला ती जात नाही.

रस्त्यावरच्या दृश्यात दुकानांच्या पाट्या वाचा. दूरध्वनीचा संकेतांक ०२५१ असेल तर आपण कल्याण-डोंबिवली-उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात आहोत, ०२२ असेल तर मुंबई, ठाणे किंवा नवी मुंबईत. पिनकोड दिसला तर फारच छान: ४२१२०१ म्हणजे डोंबिवली पूर्व, ४२१२०२ पश्चिम. गाडीच्या नंबरप्लेटवर मात्र फार भिस्त ठेवू नका. एमएच-०५ कल्याणचा, एमएच-०४ ठाण्याचा हे खरं, पण चित्रीकरणाच्या गाड्या दुसरीकडून आणलेल्या असू शकतात.

जागेचे दोन स्वतंत्र पुरावे जुळले तरच ‘चित्रीकरण’ लिहा. एकच जुळला तर ‘संभाव्य’ लिहा आणि पुढे जा. गुगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात मोठ्या प्रमाणावर आलं ते जुलै २०२२ मध्ये, तेही आधी मोजक्या शहरांत. जुन्या सिनेमातला रस्ता त्यात ओळखू येईलच असं नाही. जुने कौटुंबिक फोटो, मिरवणुकीचे फोटो त्यापेक्षा जास्त कामाला येतात.

तारीख नसलेली चित्रफीत

बातमीचा तुकडा फिरत फिरत हातात येतो आणि त्यावर तारीख नसते. अशा वेळी कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो आधी पाहा. ‘स्टार माझा’ असेल तर २००७ ते २०१२ च्या मध्यापर्यंत, ‘एबीपी माझा’ असेल तर त्यानंतरचं. ‘आयबीएन लोकमत’ २००८ च्या आधी नव्हतं. ‘अल्फा मराठी’ दिसलं तर १९९९ ते २००५. मग लोकल पाहा: पांढऱ्या-जांभळ्या सीमेन्स गाड्या मुंबईत धावू लागल्या २००७ च्या अखेरीस, त्यामुळे ती गाडी दिसली की त्याआधीची सगळी वर्षं बाद. इंडिकेटरवर किंवा उद्घोषणेत ‘व्हीटी’ (आजच्या सीएसएमटीचं जुनं नाव) असेल तर १९९६ च्या आधीचं असण्याचा संभव, पण बोलण्यातलं ‘व्हीटी’ धरू नका, लोक ते अजूनही म्हणतात.

गावाचे पूलही तारीख सांगतात. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. कोपर पूल सप्टेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२१ बंद होता. त्यावर वाहतूक दिसत असेल तर ती दोन वर्षं वगळा.

बातम्या शोधताना

नाव एकाच पद्धतीने टाइप करून थांबू नका. डोंबिवली, डोंबीवली, डोम्बिवली हे तिन्ही शोधा, आणि रोमन लिपीत ‘ब’ आणि ‘व’ यांच्यामधला स्वर, ‘व’ आणि ‘ल’ यांच्यामधला स्वर बदलून पाहा. जुनी मराठी संकेतस्थळं आणि ई-पेपर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसत, त्यामुळे शोधयंत्राला ती वाचता येत नाहीत. तिथे तारखेने पान उघडून डोळ्यांनीच वाचावं लागतं. शिवाय डोंबिवलीच्या बऱ्याच बातम्या मुंबईच्या मुख्य अंकात नसतात, त्या ‘ठाणे वृत्तांत’, ‘ठाणे प्लस’, ‘हॅलो ठाणे’ अशा पुरवण्यांत असतात. वाचनालयात गेलात तर पुरवणी बांधून ठेवली आहे का, हे आधी विचारा. १८६४ पासूनचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय जवळच आहे, सुरुवात तिथून करा.

डेटलाइन, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला छापलेलं ठिकाणाचं नाव, हीही फसवते, कारण तिथे गावाऐवजी कार्यक्रमस्थळाचं नाव असू शकतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष अक्षयकुमार काळे. संमेलनस्थळाचं नाव होतं पु. भा. भावे साहित्यनगरी. त्या तीन दिवसांच्या बातम्यांसाठी ‘भावे साहित्यनगरी’ हेही शोधा, नाहीतर चांगल्या मजकुराला मुकाल.

दुर्घटनांच्या नोंदी सर्वांत जपून करायच्या. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी एमआयडीसीत कारखान्यात स्फोट झाले, आणि दोन्ही वेळी पहिल्या तासांत ‘बॉयलरचा स्फोट’ अशी बातमी पसरली. नंतर तपासात वेगळं पुढे आलं, २०२४ मध्ये रिअॅक्टरचं. पहिल्या दिवशी मृतांचा आकडाही लहान असतो आणि पुढे वाढत जातो. म्हणून अशा घटनेची एक नोंद आणि तिच्याखाली तीन ओळी ठेवा: पहिल्या दिवसाची बातमी, आठवड्यानंतरची, चौकशी अहवालाची. प्रत्येक ओळीपुढे तारीख हवीच. दोन स्फोटांच्या चित्रफिती एकमेकांच्या नावाने फिरतात, तेव्हा वर सांगितलेली लोगोची तपासणी इथेही करा. मृतांची आणि जखमींची नावं तक्त्यात घेऊ नका. ती माणसं गावातच कुणाची तरी आहेत, आणि यादीला त्यांची गरज नाही.

ऑनलाइन बातमी सापडली की लगेच वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करा आणि तो दुवा ‘पुरावा’ रकान्यात ठेवा. संकेतस्थळ नव्याने बांधलं की जुने दुवे मरतात. २०२० च्या सुरुवातीला गाजलेल्या एमआयडीसीतल्या गुलाबी रस्त्यासारख्या बातम्यांत हे जास्त जाणवतं. फोटो सगळीकडे उरतो, मूळ बातमी मिळत नाही.

गावकऱ्यांना विचारताना

‘अमुक सिनेमाचं शूटिंग तुमच्या गल्लीत झालं ना?’ असं विचारलं की ‘हो’ येतंच. त्याऐवजी विचारा: शूटिंग पाहिलं ते कुठल्या ऋतूत, दिवसा की रात्री, रस्ता बंद होता का, कुठल्या दुकानासमोर. उत्तर आलं की पडद्यावरच्या दृश्याशी ताडून पाहा. पाऊस आठवत असेल आणि दृश्यात रस्ता ओला असेल, तर तो एक पुरावा धरा. दुसरा सापडेपर्यंत नोंद ‘संभाव्य’च ठेवा.