ग्रोथ हॉर्मोनच्या तपासणीला जाताना: आधी पाळीच्या गोळीचं लिहा

जुनी फाईल, एमआरआयची सीडी, हे सगळे नेतातच. राहते ती पाळीची गोळी. मागच्या खेपेला आमचीही राहिली, कारण घरात तिला कुणी औषध समजतच नव्हतं. म्हणून कागदावर पहिली ओळ हीच: इस्ट्रोजेन (स्त्री-हॉर्मोन) चालू आहे का, पोटात घ्यायची गोळी की त्वचेवरचं जेल किंवा पॅच, मात्रा किती, कधीपासून. गर्भनिरोधक गोळी यात येते. पाळी नियमित व्हावी म्हणून दिलेली येते, पाळी गेल्यावर सुरू केलेलीही येते. दुसऱ्या डॉक्टरांनी दिली असली तरी येते!

गोळी की जेल, हे का विचारतात? पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि तिथे ग्रोथ हॉर्मोनचा जोर कमी करतं. मग यकृत आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनमुळे बनणारं हॉर्मोन) कमी बनवतं, आणि डॉक्टर बघतात तो आकडा हाच. मेंदूखालच्या, ग्रोथ हॉर्मोन बनवणाऱ्या पीयूष ग्रंथीच्या आजारामुळे ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर आकडा खाली दिसतो, डोस वाढतो. पुढे गोळी थांबली आणि डोस तोच राहिला, की पायांवर सूज, सांधेदुखी, हातांना मुंग्या. अॅक्रोमेगॅलीत, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन जास्त बनण्याच्या आजारात, उलटी फसगत: गोळीमुळे आयजीएफ-१ छान दिसतो, आजार आटोक्यात आल्यासारखा वाटतो. जेल-पॅचने हा घोळ बराच कमी होतो. तरी तेही लिहा.

याचा अर्थ गोळी आपल्या मनाने बंद करा असा नाही. कृपया नाही. काही तपासण्यांआधी डॉक्टर ती काही आठवडे थांबवायला सांगतात. थांबवायची असेल तर तारीख त्यांच्याकडूनच लिहून घ्या. कॉर्टिसॉल या ताणाच्या हॉर्मोनची तपासणी सोबत असेल तर पुन्हा गोळीचं सांगा, कारण गोळीने एकूण कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो आणि खरी कमतरता झाकली जाते. थायरॉइडची गोळी घेत असाल तर तिचाही डोस बघावा लागतो.

वयात येणं लांबलेल्या मुलीची तपासणी असेल तर डॉक्टर आधी थोडे दिवस मुद्दाम इस्ट्रोजेन देऊ शकतात. दिलं तर एकही दिवस चुकवू नका, नाहीतर ग्रोथ हॉर्मोन उगाच कमी दिसू शकतं.

अॅक्रोमेगॅलीसाठी ग्लुकोजची तपासणी असेल तर रात्रीपासून उपाशी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन साधारण दोन तास दर अर्ध्या तासाने रक्त घेतात. पुस्तक न्या, स्वेटर न्या.

रिपोर्ट आला की वयानुसारची मर्यादा बघा, जमेल तितकं एकाच लॅबमध्ये करा. इंजेक्शनं फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. आणि गोळी सुरू झाली, बंद झाली, जेलवर बदलली, तर पुढच्या भेटीची वाट न बघता हॉर्मोनच्या डॉक्टरांना फोन.