येडी गाणी कधी लावायची, किती लावायची आणि डोक्यातून कशी काढायची

गणपती, हळद, ऑफिसची ट्रिप, मुलांचा वाढदिवस, यातल्या कशाचीही गाण्यांची लिस्ट करायचं काम तुमच्याकडे आलं असेल तर हे वाचा. मी आमच्या सोसायटीच्या गणपतीची आणि घरातल्या जवळजवळ सगळ्या हळदींची लिस्ट करते आणि दरवेळी एकच भांडण होतं, अर्धे जण म्हणतात अगं ते येडं गाणं लाव ना, आणि उरलेले अर्धे म्हणतात ते लावलंस तर मी चालले घरी. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच मधला रस्ता काढायला लागतो, आणि तो निघतो.

येडं गाणं म्हणजे कुठलं ते आधी सांगते. इंग्रजीत त्याला नॉव्हेल्टी साँग म्हणतात, म्हणजे जे गाणं एका गमतीवर उभं असतं, एखादा विचित्र शब्द, एखादं नाव, एखादी स्टेप. 2011 चं कोलावेरी, 2012 चं गंगनम स्टाइल, 2015 च्या गणपतीतलं शांताबाई, 2017 चं सोनू, आणि मग कच्चा बादाम. ही गाणी वाईट असतात असं जे म्हणतात त्यांच्याशी मी मनापासून भांडते. कच्चा बादामच घ्या, पश्चिम बंगालमधल्या बीरभूमचे भुबन बद्याकर फिरून शेंगदाणे विकायचे आणि गिऱ्हाईक बोलवायला ते गायचे, म्हणजे ती मुळात फेरीवाल्याची आरोळी आहे. आणि आरोळीचं कामच असतं की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला कामातसुद्धा ऐकू जावी आणि फेरीवाला गल्लीच्या टोकाला पोचला तरी तिच्या कानात राहावी. आपल्याकडचे भंगारवाले, कल्हईवाले, पाववाले हेच करतात. मग त्याच्याखाली बीट टाकल्यावर ते 2022 मध्ये देशभर रीलमधून फिरलं यात नवल काय?

आता कामाचं.

गाणं लिस्टमध्ये घेण्याआधी त्याचे शब्द काढून टाका आणि नुसती चाल गुणगुणा. शब्दांतली गंमत तीन-चारदा ऐकली की संपते, नंतर जे उरतं तो ठेका. ठेका चांगला असेल तर गाणं दहा वर्षं टिकतं, नसेल तर पुढच्या सीझनला कोणी ओळखही दाखवत नाही. याचं सगळ्यात पक्कं उदाहरण कोंबडी पळाली. 2006 च्या जत्रा सिनेमामधलं अजय-अतुलचं गाणं, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेलं, आणि 2012 च्या अग्निपथमध्ये त्याच चालीवर चिकनी चमेली झालं. कोंबडी गेली, लंगडी गेली, भाषासुद्धा बदलली आणि तरी लोक नाचलेच. असं गाणं डोळे झाकून घ्या.

त्याहून जुनं हवं असेल तर ईना मीना डीका. 1957 चा सिनेमा आशा, संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. किशोर कुमार आणि आशा भोसले, दोघांची वेगवेगळी व्हर्जन्स आहेत. शब्दांना अर्थ नाही असं सगळे म्हणतात पण त्यातलं "माका नाका" कोकणी आहे, "मला नको" असं. ते सी. रामचंद्रांचे गोव्याचे असिस्टंट जॉन गोम्स यांनी घातलं असं सांगतात. माझ्या गोव्याच्या वहिनीला हे आधीपासून माहीत होतं, आम्हाला तिच्याकडून कळलं, आणि तेव्हापासून आमच्या हळदीत तो शब्द आला की सगळे तिच्याकडे बघून हात हलवतात. तर सांगायचं म्हणजे आजी-आजोबा बसलेले असतील तर येडेपणाची सुरुवात इथून करा, त्यांना ते येतं, ते पुढचं गाणं मग सहन करतात.

दुसरं, शब्द वाचून घ्या. गंमत म्हणून सोडून देऊ नका. माकारेना हे स्पॅनिश गाणं सगळ्यांना माहितीय, हात पुढे, हात डोक्यावर, 1996 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड लिस्टमध्ये 14 आठवडे एक नंबरला होतं, शाळांच्या गॅदरिंगमध्ये चौथीची पोरं त्यावर नाचायची. ते गाणं एका मुलीबद्दल आहे जी बॉयफ्रेंड सैन्यात भरती होत असताना त्याच्या दोन मित्रांबरोबर मजा करते. मोठ्यांच्या पार्टीत खुशाल लावा, पण मुलांच्या कार्यक्रमाला गाणं घेताना पाच मिनिटं बसून अर्थ शोधा, आता तर फोनवर लगेच मिळतो.

तिसरी गोष्ट मी 2015 मध्ये शिकले आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर शांताआजी राहायच्या, नाव खरंच तेच. त्या वर्षी गणपतीत शांताबाई लागलं की पोरं त्यांच्या गॅलरीखाली जाऊन नाचायची, वर बघून ओरडायची. पहिल्या दिवशी आजी गॅलरीत आल्या, हसल्या, हातही हलवला. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गाणं लागलं आणि गॅलरीचं दार आतून बंद झालं, मी स्पीकरच्या बाजूलाच उभी होते, कडीचा आवाज मला आला. संध्याकाळी आरतीचं ताट घेऊन वर गेले तर म्हणाल्या, "अगं गाणं छान आहे, मला आवडतं, पण रोज उठून माझ्या नावानं पन्नास जण ओरडले की मला बाहेर यावंसं वाटत नाही बघ." आम्ही दुसऱ्या दिवशी पोरांना बसवून समजावलं आणि आजींना विचारलं की लावायचंच नाही का, तर म्हणाल्या लावा की, एकदा लावा, मी खाली येते. विसर्जनाच्या दिवशी आल्या, नऊवारीत, आणि मुलांच्या मधोमध उभ्या राहून दोन्ही हात वर करून नाचल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे, गाण्यात नाव असेल आणि त्या नावाचं माणूस तिथे असेल तर आधी विचारायचं. दोन वर्षांनी सोनू आलं तेव्हा तर घराघरात एक सोनू होता, सगळ्यांना विचारत फिरलो.

सोनूवरून आठवलं, काही गाणी अशी असतात की ती नुसती ऐकायची नसतात, भरायची असतात. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, आणि मधली जागा रिकामी, तिथे तुमचं जे दुखणं असेल ते घाला. 2017 च्या पावसाळ्यात आरजे मलिष्कानं बीएमसी आणि खड्ड्यांवरचं व्हर्जन केलं ते याच सोयीमुळे. आमच्या मुलांनी लिफ्टवर केलं, तेव्हा लिफ्ट तीन आठवडे बंद होती. असं गाणं मिळालं की ओरिजिनल वाजवू नका, मुलांना दोन दिवस आधी द्या आणि त्यांचे शब्द लिहायला सांगा. वैताग येतच नाही कारण दरवेळी गाणं नवीन असतं.

किती वेळा लावायचं? एका कार्यक्रमात एक येडं गाणं एकदाच. फर्माईश आली, वन्स मोअर झालं, तरी नाही. उद्या लावू म्हणा. आणि सुरुवातीला कधीच नको, लोक अजून खुर्च्या शोधत असतात, कोणाचं लक्ष नसतं, गंमत वाया जाते. जेवणाच्या आधीची वीस मिनिटं बेस्ट, भूक लागलेली असते, लोक उभे असतात. कोलावेरी मात्र जेवताना चालतं, ते संथ आहे, धनुषचा आवाज मुद्दाम ढिला ठेवलाय, त्यावर कोणाला नाचायचं नसतं, सगळे पानावर बसून मान डोलावतात.

आता ज्यांना वैताग येतो त्यांच्याबद्दल. मी बऱ्याच जणांना विचारलं की नक्की काय नकोसं होतं, तर कोणीच गाण्याचं नाव घेतलं नाही, सगळे म्हणाले की बंद करता येत नाही. हे खरं आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीचमध्ये 2019 मध्ये बेघर लोकांनी एका हॉलच्या परिसरात झोपू नये म्हणून रात्रभर बेबी शार्क वाजवलं होतं, तेच बेबी शार्क ज्यावर आपली दोन वर्षांची मुलं टाळ्या वाजवतात. मला ते वाचून फार वाईट वाटलं. म्हणून आवाज गच्चीपुरता ठेवा, स्पीकरचं तोंड बिल्डिंगकडे नको, रात्री 10 नंतर तसंही लाउडस्पीकरला कायद्यानं बंदी आहे आणि सूट फक्त सरकारनं जाहीर केलेल्या दिवसांपुरती असते. आणि कोणाकडे तान्हं बाळ किंवा आजारी माणूस आहे ते आधी माहीत करून घ्या, फोन करा, ते लोक वेळ सांगतात, नाही म्हणत नाहीत.

आणि एवढं करूनही गाणं डोक्यात बसलंच तर? इंग्लंडच्या डरहॅम युनिव्हर्सिटीच्या 2016 च्या अभ्यासात दिसलं की डोक्यात अडकणारी गाणी थोडी फास्ट असतात, चाल सोपी वर जाऊन खाली येणारी असते आणि मध्येच एखादी अनपेक्षित उडी असते. म्हणजे अडकणं हा तुमचा दोष नाही, गाणं बांधलंच तसं आहे. उपाय तीन, मी तिन्ही वापरते.

पहिला, पूर्ण ऐका. आपल्याला बहुतेक वेळा एकच ओळ येते आणि ती संपत नाही म्हणून फिरत राहते, शेवटचा ठोका ऐकला की बऱ्याचदा सुटते. दुसरा, च्युइंगम. हसू नका, इंग्लंडच्याच रेडिंग युनिव्हर्सिटीनं 2015 मध्ये तपासलं होतं, च्युइंगम चघळणाऱ्यांच्या डोक्यात गाणं कमी वेळा आलं, कारण मनात गातानासुद्धा आपण बोलायची यंत्रणा वापरतो आणि जबडा कामाला लागला की ती अडते. मी बडीशेप चघळते, मला चालते. तिसरा, शब्दकोडं, पण फार सोपं नको आणि फार अवघड नको, अवघड असलं की मन परत गाण्याकडे पळतं. एका येड्या गाण्यावर दुसरं येडं गाणं लावून मात्र बघू नका, मग दोन्ही राहतात.

लहान मूल एकच गाणं पन्नास वेळा मागत असेल तर फोन बाजूला ठेवून तुम्ही गा. फोन परत पहिल्यापासून सुरू होतो, तुम्ही दमता, आणि आई दमलेली मुलाला कळते. माझ्या भाच्याला मी बेबी शार्कमध्ये आई-बाबांनंतर मावशी शार्क, शेजारचे काका शार्क, दूधवाले शार्क असं करत करत शेवटी झोपलेला शार्क आणते, त्याला हळू आवाजात गायचं आणि मग थांबायचं. तिसऱ्या दिवसापासून तो स्वतःच म्हणायला लागला, "आता झोपलेला."

यंदाची आमची लिस्ट तयार आहे, पाचव्या दिवशी रात्री 8:10 ला ईना मीना डीका, 8:30 ला कोंबडी पळाली, आणि मग पानं.