वॉर्डातल्या शंकेपासून संशोधनाच्या प्रश्नापर्यंत: परिचारिकांसाठी प्रश्नमांडणीची पद्धत

तिसरा दिवस उजाडला की शिरेतली इंट्राकॅथ (सलाईन व औषधे देण्यासाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी, जिला बोलताना सुईच म्हणतात) काढून दुसऱ्या हाताला नवी घालायची, हा नियम अनेक वॉर्डांत वर्षानुवर्षे पाळला जातो. समोरच्या वृद्ध रुग्णाची शीर मऊ असते, जागेवर लाली किंवा सूज नसते, सलाईन नीट चालू असते. तरीही वेळ झाली म्हणून सुई काढली जाते आणि नवी शीर सापडेपर्यंत त्याला दोन-तीनदा टोचावे लागते. अशा वेळी ड्यूटीवरच्या सिस्टरच्या मनात ‘चांगली चाललेली सुई काढायचीच कशाला?’ असा जो प्रश्न येतो, तोच परिचर्या संशोधनाचा खरा उगम असतो. मात्र तो या स्वरूपात राहिला तर त्याचे उत्तर ना ग्रंथालयात मिळते ना वॉर्डात, कारण कोणत्या रुग्णाविषयी, कशाच्या तुलनेत आणि कोणता परिणाम पाहण्यासाठी आपण विचारतो आहोत, हे त्यात कुठेच आलेले नसते. हाच प्रश्न हाती धरून त्याला उत्तर शोधता येईल असे रूप कसे द्यावे, ते पुढे सांगितले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे शंका जशी सुचली तशी, त्याच दिवशी, एका वहीत लिहून ठेवावी. एकच काम दोन पाळ्यांत दोन पद्धतींनी होत असेल, एखाद्या नियमामागचे कारण कोणालाच सांगता येत नसेल किंवा वेगवेगळे रुग्ण एकाच त्रासाविषयी पुन्हा पुन्हा बोलत असतील, तर तिथे प्रश्न आहे असे समजावे. आठवड्याने ही वही पुन्हा वाचताना प्रश्नांचे दोन गट करावेत. ‘शिरेला सूज का येते?’ किंवा ‘फ्लेबायटिसची, म्हणजे शिरेच्या दाहाची, लक्षणे कोणती?’ हे सर्वसाधारण माहितीचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात मिळतात. विशिष्ट रुग्णासाठी दोन पर्यायांपैकी कोणता निवडावा, असे विचारणारे प्रश्न दुसऱ्या गटात जातात. पुराव्याचा शोध घ्यायचा तो या दुसऱ्या गटासाठी. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेच्या वहीत पहिल्या गटाचे प्रश्न अधिक असतात, आणि त्यात कमीपणाचे काहीच नाही.

दुसऱ्या गटातला प्रश्न बांधण्यासाठी १९९५ मध्ये स्कॉट रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली चौकट आज जगभर ‘पिको’ या नावाने शिकवली जाते. पी म्हणजे पेशंट किंवा रुग्णगट, आय म्हणजे इंटरव्हेन्शन अर्थात आपण करू पाहत असलेली कृती, सी म्हणजे कंपॅरिझन अर्थात तुलना आणि ओ म्हणजे आउटकम अर्थात परिणाम. पुढे तिला काळ दाखवणारा टी जोडला गेला. ही अक्षरे पाठ करणे सोपे असले, तरी प्रत्येकापुढे नेमके काय लिहायचे हे ठरवणे कठीण असते आणि सगळी मेहनत तिथेच लागते.

आपल्या शंकेला ही चौकट लावून पाहू. ‘इंट्राकॅथ लावलेले रुग्ण’ एवढ्याने रुग्णगट पुरा होत नाही. नवजात बाळ, केमोथेरपी घेणारी स्त्री आणि एका रात्रीसाठी दाखल झालेला तरुण या तिघांची शीर आणि तिघांचा धोका वेगळा असतो. शिवाय ज्याची सुई दुसऱ्याच दिवशी निघणार आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. म्हणून ‘चार दिवसांहून अधिक काळ शिरेतून उपचार लागण्याची शक्यता असलेले, १८ वर्षांवरील रुग्ण’ असे लिहावे. कृती म्हणजे ‘गरज पडेल तेव्हाच सुई बदलणे’. पण गरज कशाला म्हणायचे, हेही तिथेच नोंदवायला हवे: जागा दुखणे, लाली, सूज, औषध बाहेर झिरपणे किंवा सुई बंद पडणे. तुलना म्हणजे ‘दर तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे बदलणे’. परिणाम म्हणजे फ्लेबायटिस, आणि काळ म्हणजे सुई शिरेत असेपर्यंत तसेच ती काढल्यानंतरचे ४८ तास, कारण काही रुग्णांत शिरेची सूज सुई निघाल्यावर दिसू लागते.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात परिचर्या संशोधक क्लेअर रिकर्ड यांच्या गटाने तो जवळजवळ याच शब्दांत मांडला आणि तीन रुग्णालयांतील ३,२८३ रुग्णांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीचे (कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणाऱ्या चाचणीचे) निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. गरजेनुसार सुई बदललेल्या १,५९३ रुग्णांपैकी ११४ जणांना फ्लेबायटिस झाला आणि ठरलेल्या दिवशी बदललेल्या १,६९० रुग्णांपैकीही ११४ जणांनाच झाला. म्हणजे दोन्ही गटांत प्रमाण सुमारे ७ टक्के राहिले. खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेच्या साध्या शंकेतून इतके स्पष्ट उत्तर निघू शकते, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

परंतु येथेच थांबलो तर परिणाम निवडण्याचे महत्त्व निसटून जाईल. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी चार लाखांहून अधिक कॅन्युलांच्या, म्हणजे अशाच शिरेतल्या नळ्यांच्या, नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ठरावीक दिवशी सुई बदलण्याचा नियम सोडून गरजेनुसार बदलण्याचे धोरण स्वीकारल्यानंतरच्या काळात रक्तप्रवाहातील संसर्गाचे प्रमाण वाढलेले आढळले आणि जुना नियम परत आणल्यावर ते पुन्हा खाली आले. हा अभ्यास यादृच्छिक चाचणी नव्हता, त्यामुळे त्याचे वजन वेगळ्या मापाने करावे लागते. तरी त्यातून दिसणारी गोष्ट महत्त्वाची आहे. फ्लेबायटिस वारंवार होतो, म्हणून तीन हजार रुग्णांत त्याची तुलना करता येते. रक्तातील संसर्ग क्वचित होतो, म्हणून त्याच्यासाठी लाखो नोंदी लागतात. रुग्णगट, कृती आणि तुलना तीच ठेवून केवळ परिणाम बदलला, तर अभ्यासाचा आकार, त्याची पद्धत आणि कदाचित उत्तरही बदलते. म्हणून आपल्या रुग्णाला कोणत्या परिणामाने खरा फरक पडतो, हे आधी ठरवावे आणि मगच तो मोजण्याचे साधन शोधावे.

साधन शोधताना ‘फ्लेबायटिस कमी होणे’ असे मोघम लिहून भागत नाही. एका सिस्टरला जी लाली वाटते ती दुसरीला वाटेलच असे नाही, आणि सावळ्या त्वचेवर लाली ओळखणे आणखी अवघड असते. त्यासाठी सुईच्या जागेवरची दिसणारी लक्षणे पाहून शून्य ते पाच अंक देणारी व्हीआयपी स्कोअर ही मोजपट्टी आहे. तिच्यावर किती अंक आले की फ्लेबायटिस धरायचा, तो कोणी पाहायचा आणि दिवसातून किती वेळा पाहायचा, हे प्रश्नासोबतच लिहून ठेवावे.

आपल्याकडच्या नर्सिंग महाविद्यालयांत प्रबंधांची शीर्षके पाहताना मला सर्वाधिक खटकते ती याच जागची उणीव. अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता, असा साचा इतका रुळला आहे की विषय आणि गाव बदलून तो दरवर्षी नव्याने वापरला जातो. एका गटाची पूर्वचाचणी घ्यायची, त्याला तासभर शिकवायचे, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची आणि गुण वाढले असे नोंदवायचे. शिकवल्यावर गुण वाढणार, हे आधीच ठाऊक असते. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे ती वाढ शिकवण्याने झाली की तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा सोडवल्याने, हे सांगता येत नाही. आणि रुग्णाचे काय झाले, हा प्रश्न तर विचारलेलाच नसतो. विद्यार्थिनींना वेळ आणि साधने कमी मिळतात हे मला मान्य आहे, पण तेवढ्याच वेळात अधिक उपयोगी प्रश्न मांडता येतो. ‘अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना कूस बदलण्याविषयी शिकवल्याने त्यांचे ज्ञान वाढते का?’ याऐवजी असे लिहावे: ‘मेडिसिन वॉर्डात दाखल झालेल्या आणि ब्रॅडन स्केलवर (शय्याव्रणांचा, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमांचा, धोका मोजणारी पट्टी; गुण कमी तितका धोका जास्त) १८ किंवा त्याहून कमी गुण असलेल्या प्रौढ रुग्णांत, सोबतच्या नातेवाइकाला कूस बदलण्याचे प्रात्यक्षिक देऊन वेळापत्रक खाटेला लावल्यास, वॉर्डातल्या नेहमीच्या तोंडी सूचनांच्या तुलनेत, १४ दिवसांत दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्याची नवी शय्याव्रणे कमी होतात का?’ सोबत राहणारे नातेवाईक हा आपल्या वॉर्डांचा मोठा आधार असतो, आणि परदेशातल्या अभ्यासांत तो बहुधा नसतोच.

तुलनेपुढे ‘काहीच न करणे’ असे लिहिण्यापूर्वी थांबावे. शय्याव्रणाचा धोका असलेल्या रुग्णाची काळजी न घेणे हा पर्याय वॉर्डात उपलब्धच नसतो, आणि नैतिकदृष्ट्या तो असूही नये. म्हणून तुलना बहुतेक वेळा ‘सध्याच्या नेहमीच्या काळजी’शी होते, पण ही नेहमीची काळजी म्हणजे प्रत्यक्षात काय, हे आठवडाभर पाहून नोंदवल्याशिवाय तो शब्द वापरू नये.

बाहेरचा पुरावा स्वतःच्या वॉर्डाला लावताना रुग्णगटाच्या वर्णनात दडलेल्या अटीही वाचाव्या लागतात. नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांच्या गटाने अमेरिका आणि कॅनडातील नर्सिंग होममधल्या ९४२ वृद्धांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली, तरी तीन आठवड्यांत शय्याव्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हे वाचून चार तासांचे वेळापत्रक लगेच लागू करावेसे वाटेल. परंतु ते सर्व वृद्ध हाय-डेन्सिटी फोमच्या गाद्यांवर झोपलेले होते. ज्या वॉर्डात रेक्झिनचे आवरण घातलेल्या, दबून गेलेल्या गाद्या आहेत, तिथे गादी हा प्रश्नाचाच भाग होतो.

कधीकधी सगळे वेगळेपण एका शब्दात असते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेल्या कांगारू मातृसेवेचा, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याचा, कमी वजनाच्या बाळांना लाभ होतो, हे बरेच आधी मान्य झाले होते. मात्र ती बाळाची प्रकृती स्थिर झाल्यावरच द्यायची, असा प्रघात होता. स्थिर होण्याची वाट न पाहता ‘लगेच’ दिली तर काय होईल, हा नवा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत तपासला गेला. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या वजनाच्या ३,२११ बाळांपैकी लगेच त्वचेशी त्वचा ठेवलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के आणि दुसऱ्या गटात १५.७ टक्के आढळले. हा फरक दिसल्यामुळे चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवण्यात आली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपला विषय जुना आहे म्हणून निराश होण्याऐवजी कृती ‘केव्हा’, ‘किती वेळ’ आणि ‘कोणी’ करायची, यांपैकी कोणता भाग अजून तपासायचा राहिला आहे, ते पाहावे.

प्रत्येक प्रश्न कृतीविषयीच असतो असे नाही. एखादी मोजपट्टी धोका कितपत ओळखते, एखाद्या आजारात पुढे काय होते किंवा कशामुळे धोका वाढतो, हे प्रश्नही पिकोत बसतात. फक्त आयच्या जागी चाचणी किंवा धोक्याचा घटक येतो आणि यादृच्छिक चाचणीऐवजी बहुधा निरीक्षणाचा अभ्यास लागतो. मात्र ‘बाळ एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) असताना आईला काय वाटते?’ अशा अनुभवाच्या प्रश्नाला तुलना जबरदस्तीने जोडू नये. तिथे कोण, कोणता अनुभव आणि कोणत्या परिस्थितीत एवढे तीनच घटक पुरतात, आणि उत्तर मुलाखतींतून मिळते.

वाक्य तयार झाले की लगेच नवा अभ्यास हाती घेऊ नये. आधी शोध घ्यावा. प्रत्येक घटकासमोर त्याचे सर्व प्रतिशब्द इंग्रजीत लिहावेत, एका घटकाचे प्रतिशब्द ‘ऑर’ने आणि निरनिराळे घटक ‘अँड’ने जोडावेत, आणि पबमेड व कॉक्रेन लायब्ररी या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहांत प्रथम केवळ रुग्णगट व कृती घालून पाहावे. सुरुवातीलाच परिणामाचे शब्द घातले तर उपयोगी लेख गळतात. चांगला पुरावा हाती लागला, तर पुढचे काम तो वॉर्डात कसा आणायचा हे ठरवण्याचे असते. पुराव्यावर आधारित वैद्यकाचे प्रवर्तक डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे तेथे संशोधनाबरोबर उपचार करणाऱ्याचे कौशल्य आणि रुग्णाची इच्छा यांनाही स्थान असते. पुन्हा पुन्हा टोचून घेण्याविषयी त्या वृद्ध रुग्णाला काय वाटते, हे त्याला विचारायलाच हवे.

पुरावा मिळाला नाही, तरच स्वतःचा अभ्यास आखावा. त्यासाठी मागील तीन महिन्यांच्या रजिस्टरमधून आपल्या अटींत बसणारे रुग्ण मोजावेत. महिन्याला आठच रुग्ण मिळत असतील आणि संख्याशास्त्रज्ञाने दोनशे सांगितले असतील, तर रुग्णगटाच्या अटी सैल कराव्यात, दुसऱ्या वॉर्डाला सोबत घ्यावे किंवा प्रश्न बदलावा. मुदत संपत आल्यावर परिणामाची व्याख्या सैल करणे हा मार्ग नव्हे. त्यानंतर प्रस्ताव संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडे न्यावा. कृतीची चाचणी असेल तर तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया येथे करावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला सहभागी घेण्यापूर्वीचीच नोंदणी स्वीकारली जाते. त्या अर्जात मुख्य परिणाम आणि तो मोजण्याची वेळ लिहावी लागते. अर्ज पाठवण्यापूर्वी प्रश्नाचे वाक्य रात्रपाळीच्या, या अभ्यासाशी संबंध नसलेल्या एखाद्या सिस्टरला वाचून दाखवावे आणि कोणता रुग्ण घ्यायचा, त्याच्यासाठी काय करायचे आणि सकाळी हँडओव्हरच्या वेळी काय नोंदवायचे, हे तिला सांगायला सांगावे. ती जिथे अडखळेल, तिथला शब्द बदलावा.