शिगम्याचा फेटा: नाचतानाही सुटू नये असा कसा बांधावा

फाल्गुन लागला की गोव्यात शिगम्यासाठी, म्हणजे शिमग्याच्या सणासाठी, फेट्यांची खरेदी सुरू होते आणि अलीकडे बरेच जण बांधून शिवलेला आयता फेटा घेऊन मोकळे होतात. फोटोपुरता तो शोभतो, यात वाद नाही. मात्र रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या नाचत्या मिरवणुकीत, ढोल-ताशांच्या तालावर तासन्‌तास नाचणाऱ्याच्या डोक्यावर तो टिकत नाही, कारण तो त्याच्या डोक्याच्या मापाने बांधलेला नसतो. डिचोली-सत्तरीकडच्या घोडेमोडणीत, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केल्या जाणाऱ्या नाचात, तर एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात लगाम असल्यामुळे घसरलेला फेटा सावरायला हातच उरत नाही. म्हणून फेटा मांडावर, म्हणजे गावात शिगम्याचे खेळ जिथून सुरू होतात त्या पवित्र जागी, नमनाला जाण्यापूर्वी, ज्याचा त्याच्याच डोक्यावर, दुसऱ्या जाणत्या माणसाकडून बांधून घ्यावा.

कापड शक्यतो सुती मलमलीचे, सुमारे 1 मीटर रुंद आणि 5 ते 6 मीटर लांब घ्यावे. लहान मुलाला यापेक्षा बरेच आखूड पुरते. चकचकीत सॅटिन लांबून उठून दिसते, पण त्याचा एक पेच दुसऱ्यावर ठरत नाही आणि मार्चच्या दमट उकाड्यात डोके शिजून निघते. नवे कापड आधी एकदा धुऊन त्यातली खळ काढावी, म्हणजे पेच एकमेकांना धरून बसतात. तुरा ताठ हवा असेल तर ज्या टोकाचा तुरा करायचा, त्या हातभर भागालाच तांदळाची पातळ पेज लावून ते वाळवावे.

बांधताना दोघांनी कापड दोन्ही टोकांना धरून ताणावे आणि रुंदीत चुण्या घालत त्याची चार बोटे रुंद पट्टी करावी. खळ न लावलेले टोक थोडे पसरून कपाळावरून टाळूवर घ्यावे, म्हणजे माथा झाकला जातो, आणि पाठीवर हातभर शेमला, म्हणजे लोंबते टोक, सोडून तो बांधून घेणाऱ्याने मानेपाशी घट्ट धरून ठेवावा. उरलेली पट्टी मागून उजव्या कानावरून कपाळावर तिरकी चढवून डाव्या बाजूने मागे न्यावी. पुढचा पेच उलट उताराने आणावा, म्हणजे कपाळाच्या मधोमध दोन्ही पेचांची कैची पडते. फेट्याची सगळी पकड मागच्या बाजूला असते. डोक्याच्या मागे जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खालून पहिले दोन पेच गेलेच पाहिजेत. ते उंचवट्यावरून गेले, तर कितीही आवळले तरी पहिल्याच उडीला फेटा वर सरकतो. हे दोन पेच घट्ट आणि नंतरचे किंचित सैल ठेवावेत. कान पूर्ण झाकू नयेत, नाहीतर ताशाचा बदललेला ठेका उशिरा कळतो. शेवटच्या हातभर भागाच्या पंख्यासारख्या चुण्या घालून, बुडाशी दोऱ्याने आवळून, तो मधल्या पेचात खोल खोचावा आणि मग वरून उलगडावा.

बांधून झाल्यावर भुवया उंचावून, मान झटकून आणि रोमटामेळात देतात तशी ‘ओस्सय’ची एक मोठी आरोळी देऊन पाहावी. कानशिलापाशी दोन बोटे जेमतेम शिरतील इतकी जागा राहू द्यावी, कारण घामाने भिजल्यावर फेटा अधिक आवळल्यासारखा वाटतो आणि कपाळ ठणकू लागते. टाळूवर केस नसतील, तर आत सुती रुमाल घालावा.

फुले सर्वांत शेवटी माळावीत. याच दिवसांत सुरंगी बाजारात येते. तिच्या कळ्यांचा वळेसर, म्हणजे गजरा, पेचांच्या कडेने फिरवून बारीक टाके घातले, तर तो गळून पडत नाही आणि सुकल्यावरही वास देत राहतो. टाचण्या मात्र वापरू नयेत. गर्दीत कोणाचा धक्का लागला, तर त्या थेट कपाळात रुततात.

घरी आल्यावर गुलाल लागलेला फेटा लगेच पाण्यात टाकू नये. आधी कोरडाच उलगडून अंगणात झटकावा, नाहीतर भिजलेला रंग सगळ्या कापडभर पसरतो. नंतर तुऱ्याची खळ धुऊन काढावी, कापड सावलीत पूर्ण वाळवावे आणि मगच पेटीत ठेवावे, कारण खळ राहिलेल्या कापडाला पावसाळ्यात हमखास बुरशी धरते.