मान वाकली म्हणजे ड्रेसाज आलं असं नाही

दुडकीत उठबस जमते, खोगिरात भीती वाटत नाही आणि आता ड्रेसाजकडे, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली डौलात करून घेण्याच्या खेळाकडे वळायचंय, अशांसाठी हे लिहितोय. २० बाय ६० मीटरचं मैदान, कडेची अक्षरं, प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण हे तुम्हाला माहीत असणारच.

घोडं पेंड खातं ते मानेपाशी. फोटोत कमानदार मान दिसते, म्हणून आपण लगाम ओढून ती आणायला जातो. मीही बराच काळ यातच अडकलो होतो, वर आपलं छान चाललंय असं वाटायचं! खरं तर जोर मागच्या पायांतून निघून, पाठीवरून, तोंडातल्या लोखंडापर्यंत पोचायला हवा. पुढून ओढलं की मान आखडते, पाठ दबते आणि मागचे पाय रेंगाळतात. कानांमागचा माथा सगळ्यांत उंच आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे असावं. मानेचा मधला भागच उंच दिसला तर समजा, हात खेचतोय. मग चालता चालता दोनेक पावलं दोन्ही हात तोंडाच्या दिशेनं पुढे सोडा. डौल टिकला तर तो घोड्याचा, डोकं लगेच वर उसळलं तर तुमच्या दंडांचा. कुणाकडून तरी बाजूनं व्हिडिओ काढून घ्या. दुडकीत तिरप्या जोडीतल्या पुढच्या आणि मागच्या पायांच्या नळ्या समांतर दिसायला हव्यात. आपल्याकडे क्लबांत बरेच घोडे रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. लगामावर रेलून पळायची त्यांना सवय, त्यामुळे ओढाल तेवढे ते आणखी रेलतात.

ड्रॉ-रेन (डोकं खाली खेचून धरणारा जादा लगाम) लावून दोन आठवड्यांत मान आणून देणाऱ्या गुरूपासून मात्र लांब राहा. हे माझं ठाम मत आहे, कुणाला राग आला तरी चालेल. जो तुमच्या रिकिबी काढून घेतो आणि लाँजवर, म्हणजे लांब दोरीला घोडा बांधून, गोल गोल फिरवतो, त्याला धरून राहा. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवख्यांना आजही रिकीब आणि लगाम न देता लाँजवरच मांड बसवायला लावतात. त्यांचं १७३५ मध्ये पूर्ण झालेलं सभागृह बघायला जगभरातून लोक येतात, पण तिथल्या झुंबरांखालच्या त्या डौलामागे वर्षानुवर्षांचा हा रटाळपणा असतो.

कमरेत ठणका येईल, मांड्या सोलवटतील, येऊ दे. मांड सुटी झाली की हात आपोआप शांत होतो आणि घोडा नाकानं फुरफुरून पाठ सैल सोडतो. ते पहिल्यांदा घडलं तेव्हा मला हसू आवरेना. वयाची काळजी करू नका, तिशीनंतर सुरू केलेलेही नीट बसायला शिकतात. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आपल्या संघानं ड्रेसाजचं सुवर्ण आणलं, तेव्हापासून क्लबांत चौकशी वाढलेली दिसते. पण ते चौघं युरोपात राहून शिकलेत, रविवारच्या तासाची तुलना त्यांच्याशी नको.

फी भरण्याआधी लाँजचे तास मिळतील का, एवढं विचारा. ‘त्याची काय गरज?’ असं उत्तर आलं, तर दुसरा क्लब बघा.