नावेत मीडियम वेव्हच हवा

अमेरिकेहून आणलेला वेदर रेडिओ, म्हणजे हवामानाचे अंदाज ऐकवणारा रेडिओ, रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर मुकाच राहतो. त्याच्या १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात वाहिन्या अमेरिका-कॅनडातल्या. तिकडच्या रानात कनू (हलकी, निमुळती नाव) वल्हवायला जाणाऱ्याने तो जरूर न्यावा. आपल्याकडे मी साधा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर नेते, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, सोबत सुटे सेल.

निघण्याआधी हवामानाचा अंदाज ऐकाच. पाण्यावर मात्र स्टेशनपेक्षा खरखरीकडे कान द्या. दूरवर वीज चमकली की मीडियम वेव्हवर ‘कड्‌’ असा आवाज येतो, गडगडाट ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. एफएमवर हे जवळजवळ कळत नाही. कडकड दाट होऊ लागली, की बाप्पा, थेट काठाकडे वल्हवा! वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंद, म्हणजे वीज जेमतेम १० किलोमीटरवर. एकट्या झाडाखाली थांबू नका.